चौकटींचा हिशेब

डोंबिवलीच्या पूर्वभागात, स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, एका माडीवरच्या खोलीत आम्ही चौघे-पाचजण वर्षातून दोनदा पेपर तपासायला बसत असू. आमच्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक होते, दोघे बँकेतले होते. चौथीच्या शिष्यवृत्तीची सराव परीक्षा आम्ही हौसेने घेत होतो. तपासण्याचे साधन म्हणजे पुठ्ठ्याची एक पट्टी. योग्य उत्तराच्या जागी तिला भोके पाडलेली असत. पट्टी उत्तरपत्रिकेवर ठेवायची, भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या, आणि आकडा लिहायचा. बोलत बोलत, चहा पीत, तासाला पन्नास-साठ पेपर सहज हातावेगळे होत. ‘अ, ब, क, ड’ या चार अक्षरांनी माणसाची परीक्षा करण्याची ही रीत आली कोठून, हा प्रश्न त्या दिवसांत आमच्यांपैकी कोणालाच पडला नव्हता.

ती आली अमेरिकेतल्या कॅन्सस प्रांतातून, आणि तिचा जन्म झाला तो परीक्षकांवरच्या अविश्वासातून. १९१२ च्या सुमारास स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच त्या उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शिक्षकांकडे तपासण्यासाठी धाडल्या. शंभरांपैकी पडलेल्या गुणांत तीस-तीस, चाळीस-चाळीस गुणांचे अंतर निघाले. पुढे भूमितीच्या पेपरचीही तीच गत झाली. आणि भूमितीत तर मतभेदाला जागा नसावी, असे आपण समजतो! फ्रेडरिक केली नावाच्या गृहस्थाने शिक्षकांच्या गुणदानातील याच लहरीपणावर प्रबंध लिहिला, आणि १९१५ साली मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तीत मुलाने काही लिहावयाचे नव्हते, दिलेल्यांतून एक निवडावयाचे होते. दोनच वर्षांनी अमेरिका महायुद्धात उतरली आणि सुमारे सतरा लाख सैनिकांची बुद्धी अशाच झटपट चाचण्यांनी मोजली गेली. एवढे पेपर तपासायला भोकाची पट्टीच उपयोगी पडणार!

पट्टीची जागा यंत्राने घेतली त्याची हकीकत मोठी मजेची आहे. मिशिगनमधील रेनॉल्ड जॉन्सन हा लहानपणी मोठा खोडकर. बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या स्पार्क-प्लगवर तो पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवी. शिसपेन्सिलीतून वीज वाहते; त्यामुळे ठिणगी पडायची ती भलतीकडे वाहून जाई आणि मोटार चालू होत नसे. पुढे हाच मुलगा विज्ञानाचा शिक्षक झाला, आणि पेन्सिलीची खूण विजेने ओळखून गुण मोजणारे यंत्र त्याने बनविले. आय.बी.एम. कंपनीने ते १९३८ साली बाजारात आणले. ज्या चुंबकीय तबकडीवर पुढे जगाचे हिशेब साठविले गेले ती पहिली तबकडीही, १९५६ साली, याच जॉन्सनच्या हाताखालच्या मंडळींनी तयार केली.

आपल्याकडे हा वारा स्वातंत्र्यानंतर आला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने वस्तुनिष्ठ प्रश्नांची शिफारस केली. १९५७-५८ मध्ये शिकागोचे बेंजामिन ब्लूम भारतात येऊन शिक्षकांना प्रश्न काढण्याचे नवे तंत्र शिकवून गेले. पण ठाणे-कल्याणच्या घराघरांत ‘ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द पोचविला तो शिक्षणशास्त्राने नव्हे, बँकांनी. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या, आणि कारकुनांची भरती हजारांनी होऊ लागली. १९७५ साली त्यासाठी राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत एक निवड विभाग निघाला. तोच १९८४ साली आय.बी.पी.एस. या नावाने स्वतंत्र झाला. ‘मुलगा बँकेत लागला’ या तीन शब्दांवर डोंबिवलीत किती लग्ने जमली त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही! सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात सराव प्रश्नांचे पुस्तक धरलेले तरुण मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत.

ठाण्याने याहून वरची पायरी गाठू पाहिली. महानगरपालिकेने १९८७ साली स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी चिंतामणराव देशमुखांच्या नावाने प्रशिक्षण संस्था काढली. चिंतामणराव १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आणि १९१८ च्या आय.सी.एस.लाही पहिले. मौज अशी की त्यांनी जिंकलेली परीक्षा पानेच्या पाने लिहिण्याची होती. आणि त्यांच्या नावाच्या संस्थेत शिकणाऱ्या मुलांना पहिली झुंज द्यावी लागे ती पर्यायांशी. कारण कोठारी समितीच्या शिफारशीवरून १९७९ पासून नागरी सेवांची पूर्वपरीक्षा वस्तुनिष्ठ झाली होती.

आता चौकटींकडे वळू. हार्वर्डमध्ये व्यवसायशास्त्र शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला फळ्यावरचे हिशेबाचे कोष्टक पाहून सुचले, की एक आकडा बदलला तर बाकीचे आपोआप बदलणारा फळा का असू नये? त्याच्या कल्पनेतून आणि बॉब फ्रँकस्टनच्या मेहनतीतून १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ निघाले. त्यात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. एका चौकटीतले सूत्र खाली उतरवायचे झाले, की यंत्र प्रत्येक उल्लेखापाशी थांबून विचारी : हा तसाच ठेवू, की जागेप्रमाणे सरकवू? नंतरच्या लोटसने आणि एक्सेलने हा प्रश्न विचारणे सोडून दिले. जो उल्लेख हलू नये असे वाटते त्याच्यामागे आपणच डॉलरचे चिन्ह लावायचे. ते विसरले तर यंत्र चूक दाखवीत नाही, मुकाट्याने सरकते.

आमच्या खोलीत १९९७ च्या सुमारास संगणक आला. पहिल्या ओळीत उत्तरसूची, खाली दोनशेबारा मुलांची उत्तरे, प्रत्येकी पन्नास. दुसऱ्या ओळीत सूत्र लिहिले : या ओळीतली प्रत्येक चौकट वरच्या ओळीतल्या चौकटीशी ताडून पाहा आणि जुळलेल्या मोज. पहिल्या मुलाचे गुण आम्ही पट्टीने पडताळले, बरोबर आले. मग सूत्र खालपर्यंत ओढले आणि अर्ध्या मिनिटात निकाल लावून घरी गेलो. डॉलर लावायचा राहिला होता, आणि तो लावायचा माणूस मीच होतो.

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. त्यांच्या मुलीला सतरा गुण होते. बाई भांडल्या नाहीत. मुलीने घरी आणलेली प्रश्नपत्रिका त्यांनी पुढे ठेवली, आणि एवढेच म्हणाल्या, “ती दोन दिवस जेवली नाही हो. एकदा बघता का?” मी उत्तरपत्रिका शोधून पट्टी ठेवली. त्रेचाळीस!

मग उलगडा झाला. पहिल्या मुलाची तुलना उत्तरसूचीशी झाली होती. दुसऱ्याची झाली पहिल्या मुलाशी, तिसऱ्याची दुसऱ्याशी, आणि अशीच खालपर्यंत. प्रत्येकाला गुण मिळाले ते शेजाऱ्यासारखे असल्याबद्दल! त्या मुलीच्या वरच्या मुलाने अर्धा पेपर कोरा ठेवला होता, म्हणून ती सतरावर आली. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी दुसरा अठ्ठेचाळीस गुणांनी पहिला आला होता. पट्टीने त्याचे एकोणीस भरले. दोन रिकाम्या चौकटीही यंत्राला सारख्याच वाटतात. दोन गैरहजर मुले एकाखाली एक असती, तर खालच्याला पन्नासपैकी पन्नास मिळाले असते.

रात्री बसून सूत्र दुरुस्त केले, आणि हे दुखणे एकटे नाही हेही कळले. कोणी ‘अ’ टंकून पुढे मोकळी जागा सोडली, तर यंत्राच्या लेखी ते ‘अ’ नव्हे. पर्याय आकड्यांनी दिलेले असले आणि सूचीत इंग्रजी आकडा व उत्तरात देवनागरी १ असला, तर दोन्ही एक नव्हेत. एक संख्या, दुसरे नुसते अक्षर. उणे गुण असतील तर घोटाळा आणखी वाढतो. उणे गुणांचे गणित मुळात न्यायाचे आहे : पर्यायांतून एक वजा करावा आणि तितक्याने चुका भागाव्यात. पाच पर्यायांच्या बँक परीक्षेत चुकीला पाव गुण जातो आणि चार पर्यायांच्या नागरी सेवेत, २००७ पासून, एक तृतीयांश. म्हणजे डोळे मिटून खुणा करणाऱ्याच्या पदरी सरासरीने शून्यच पडते. पण कोऱ्या दिसणाऱ्या चौकटीत चुकून एक मोकळी जागा टंकली गेली असेल, तर न दिलेल्या उत्तराबद्दलही मुलाचा गुण कापला जातो.

आम्ही दोनशेबारा घरी चिठ्ठ्या पाठविल्या. सर्वांत अवघड चिठ्ठी होती ती अठ्ठेचाळीसवाल्या मुलाची. मुख्याध्यापक स्वतः ती घेऊन गेले आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत बसले, काय बोलले ते त्यांनी आम्हांला सांगितले नाही. ती मुलगी नव्या यादीत चौथी आली. पुढच्या खेपेपासून दर दहावा पेपर आम्ही पट्टीने तपासू लागलो. त्या बाई अधूनमधून पट्टी धरायला माडीवर येत असत.