काचेच्या दिव्यांचे छायाचित्रण : हातकामाची खूण दिसायला हवी

कामठी : हाताने फुंकलेल्या काचेच्या हंड्या, झुंबरे आणि टांगते दिवे छायाचित्र पाहून विकत घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. काचेतील बुडबुडे, कमी-अधिक जाडी आणि लोखंडी सळईवरून काच सोडवताना तळाशी राहिलेला वण या हातकामाच्या खुणा होत. छायाचित्रात त्या पुसल्या गेल्या, तर कारागिराचा दिवा आणि यंत्रावरचा दिवा यांत ग्राहकाला फरक दिसत नाही. त्यामुळे दिवा घरातल्यासारख्या वातावरणात, पण प्रामाणिकपणे टिपणे महत्त्वाचे ठरते.

वेळ : सूर्यास्तानंतरची २० ते २५ मिनिटे सर्वांत उपयुक्त असतात. या काळात दिव्याचा पिवळा प्रकाश आणि खिडकीतला निळसर उजेड यांचा तोल साधतो. दिवाही दिसतो आणि खोलीही. कामठीत सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २० ते ३० मिनिटे आधी मावळतो, हे ध्यानात घेऊन तयारी आधीच करून ठेवावी.

मांडणी : दिव्यामागे पांढरा पातळ पडदा असलेली खिडकी असावी. मागून येणाऱ्या सौम्य उजेडात काचेच्या कडा गडद उमटतात आणि आकार स्पष्ट होतो. फ्लॅश टाळावा, त्याचा पांढरा ठिपका काचेवर उमटतो आणि आतील बुडबुडे झाकले जातात. छायाचित्रकाराने गडद कपडे घालावेत, म्हणजे त्याचे प्रतिबिंब कमी दिसते. दिव्याशेजारी खुर्ची किंवा तांब्या ठेवल्यास आकाराचा अंदाज येतो. काच आधी मऊ कोरड्या कापडाने पुसावी.

कॅमेरा : तिपाई आवश्यक आहे. आयएसओ १०० किंवा २०० ठेवावा. आपल्याकडील विजेची वारंवारिता ५० हर्ट्‌झ असल्याने काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि छायाचित्रात पट्टे उमटतात. शटरचा वेग सेकंदाच्या ५०व्या भागाइतका किंवा त्याहून कमी ठेवल्यास ते सहसा टळतात. एकाच चौकटीची कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाची तीन छायाचित्रे घ्यावीत. पेटलेल्या दिव्याबरोबर विझलेल्या दिव्याचेही एक छायाचित्र असावे. काचेचा खरा रंग त्यातच कळतो.

जुने दिवे : घरातील जुन्या काचेलाही हीच पद्धत लागू पडते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीतील ओगले बंधूंच्या काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी घरोघरी होता. तो कारखाना आता बंद पडला आहे. अशा कंदिलाची मूळ काच फुटली, तर तशीच पुन्हा मिळणे कठीण. म्हणून फूटपट्टी शेजारी ठेवून समोरून, बाजूने आणि तळाकडून एकेक छायाचित्र घ्यावे. काच उद्या फुटली, तरी तिचे माप, घडण आणि हातकामाची खूण नोंदीत राहते.