सीहोरचे पंडित आणि साडेसातीचा प्रश्न

टी. टी. नगरातील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात आम्ही प्रार्थनेसाठी गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर घरातील कर्ते गृहस्थ आम्हांस दारापर्यंत पोचवावयास आले. वय त्रेचाळीस. हलक्या आवाजात ते म्हणाले, "फादर, ऑफिसातले सगळे म्हणतात की मला साडेसाती सुरू आहे. मी मानत नाही. पण तीन वर्षांत बढती हुकली, वडील गेले, मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला. मग याला काय म्हणायचं?" ख्रिस्ती मनुष्याने ग्रहांचे भय बाळगू नये, असे नेहमीचे उत्तर आम्ही दिले. त्यांनी मान डोलावली आणि ते आत गेले. परत येताना आमच्या ध्यानात आले की, त्यांनी विचारले एक आणि आम्ही उत्तर दिले दुसरेच. प्रस्तुत लेख त्या चुकीतून निघाला आहे.

या प्रश्नाला या भूमीत एक इतिहास आहे. तात्या टोपे यांचे नाव धारण करणारी ही वसाहत, १९५६ मध्ये भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाल्यानंतर, प्रामुख्याने सरकारी नोकरांसाठी वाढली. जुनी राजधानी नागपूर होती. तेथून बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्यांबरोबर मराठी भाषा, मराठी पंचांग आणि शनिवारचे शनिमाहात्म्यही येथे आले. परंतु मराठी पंडित आणि ग्रहगणित यांची या परिसरातील गाठ त्याहून सव्वाशे वर्षे जुनी आहे. ती पडली भोपाळच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, सीहोर येथे.

१८३० नंतरच्या दशकात लान्सलॉट विल्किन्सन हे इंग्रज अधिकारी भोपाळ दरबाराचे पोलिटिकल एजंट म्हणून सीहोरास राहत. तेथील संस्कृत पाठशाळेस त्यांनी आश्रय दिला. त्यांची पद्धत विचारपूर्वक ठरविलेली होती. कोपर्निकसचे मत पंडितांपुढे एकदम ठेवावयाचे नाही. प्रथम त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांकडे त्यांना न्यावयाचे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. पृथ्वी गोल आहे व ती कशावरही टेकलेली नाही, हे त्यात युक्तिवादासह सांगितले आहे. ते पटले म्हणजे पुढची पायरी सोपी जाते. या प्रयत्नात त्यांचे प्रमुख सहकारी होते सुबाजी बापू. त्यांचा 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ १८३६ मध्ये निघाला. त्यात पुराणे, सिद्धान्त व कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना आहे. पुण्यात जन्मलेल्या तरुण बापूदेव शास्त्रींना विल्किन्सन यांनी १८३८ मध्ये नागपुराहून सीहोरास आणले. पुढे बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गेले. विल्किन्सन १८४१ मध्ये वारले. त्यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून १८६१ मध्ये प्रसिद्ध केले.

विल्किन्सन यांनी १८३४ च्या आपल्या लेखात सुबाजी बापूंविषयी एक हकीकत नोंदविली आहे. सिद्धान्तांचा खरा अर्थ उमगल्यावर, आपले आयुष्य पोकळ कल्पनांचे समर्थन करण्यात गेले म्हणून या विद्वान ज्योतिष्याने खेद केला, आणि सत्य झाकून ठेवणाऱ्या पूर्वसूरींवर तो संतापला. हे शब्द विल्किन्सन यांचे आहेत, सुबाजींचे नव्हेत, एवढे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे. तरीही त्या नोंदीतील माणूस आमच्या ओळखीचा आहे. अर्धे आयुष्य मागे पडल्यावर हिशेब मांडणारा आणि तो जुळत नाही हे पाहून हादरणारा मनुष्य आपल्या प्रत्येकाच्या मंडळीत आहे.

जुन्या विश्वरचनेवरचा विश्वास ढासळला म्हणजे धर्मांतर ओघाने येईल, असे त्या काळी अनेक मिशनऱ्यांना वाटे. घडले निराळेच. जॉन म्यूर यांनी ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 'सोमनाथ' या नावाने त्याचे संस्कृतातच खंडन लिहिले गेले. हा सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच होत, असे रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. ग्रहगणित सुधारले, पण श्रद्धा जागची हलली नाही. यात सुबाजींची विसंगती पाहण्यापेक्षा आपण आपला बोध घ्यावा. आकाशाविषयीची चूक दुरुस्त केल्याने मनुष्याच्या अंतःकरणातील प्रश्न सुटत नाही.

चूक दुरुस्त करू नये, असे मात्र नव्हे. शनीला राशिचक्र फिरण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे असतो. जन्मराशी, तिच्या मागची रास व पुढची रास अशा तिहींतून तो जाण्यास लागणारा काळ म्हणजे साडेसाती. यावरून उघड होते की कोणत्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. भोपाळच्या कोणत्याही कार्यालयात ढोबळमानाने दर चौथा मनुष्य तिच्यात सापडेल. अशा कालावधीत काही ना काही दुःख न येणारे घर कोठे आहे? शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या मराठी ग्रंथात गणित, संहिता व जातक हे ज्योतिषाचे वेगवेगळे स्कंध म्हणून मांडले आहेत. तो भेद आपल्या धर्मशिक्षकांना ठाऊक असावा. पंचांगाचे गणित खरे ठरते म्हणून कुंडलीचे भाकीतही खरे, असे होत नाही.

याविषयी संत ऑगस्टिन यांचा अनुभव मोलाचा आहे. तरुणपणी ते स्वतः ज्योतिष्यांच्या नादी लागले होते. पुढे फिर्मिनुस नावाच्या मित्राने त्यांना आपल्या जन्माची हकीकत सांगितली. तो जन्मला त्याच क्षणी एका दासीलाही मुलगा झाला होता. ग्रह तेच, एक धनी होऊन वाढला, दुसरा दास राहिला. याच प्रश्नाची दुसरी बाजू त्यापूर्वी सिसेरोने मांडली होती. ख्रिस्तपूर्व २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत पडलेल्या सर्वांचे ग्रह काय एकच होते? भोपाळात राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधल्या रात्री विषारी वायूने ज्यांचे प्राण घेतले, त्यांत तान्ही मुले होती, वृद्ध होते, सर्व राशींचे लोक होते. त्या मृत्यूंची कारणे पृथ्वीवर होती. ग्रहांकडे बोट दाखविल्याने मनुष्यांची जबाबदारी झाकली जाते. ज्योतिषाविषयीचा आमचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

एवढे म्हटल्यावरही साडेसातीच्या कल्पनेत लोकांना काय सापडते, हे विचारलेच पाहिजे. तात्याजी महीपतींच्या शनिमाहात्म्यात उज्जयिनीचा राजा विक्रम शनीला हसतो आणि राज्य गमावतो. चोरीच्या खोट्या आळात त्याचे हातपाय तोडले जातात, तेल्याच्या घाण्यावर बसून त्याला दिवस काढावे लागतात. अखेरीस शनी प्रसन्न होऊन वर देऊ करतो, तेव्हा विक्रम एवढेच मागतो की आपल्याला झाला तसा छळ इतर कोणाला होऊ नये. कथेचे मर्म येथे आहे. सत्ता गेलेल्या मनुष्याला दुसऱ्याचे दुःख दिसू लागले. षष्ट्यब्दपूर्तीमागेही असाच वयाचा विचार आहे. साठ वर्षांत शनीच्या ढोबळमानाने दोन व गुरूच्या पाच फेऱ्या पुऱ्या होतात आणि मनुष्य जणू नव्याने जन्मतो. आपली ख्रिस्ती घरेही साठी साजरी करतात.

पाश्चात्य जगाने हाच विचार आधुनिक भाषेत मांडला. युंग यांनी १९३० च्या सुमारास आयुष्याच्या पूर्वार्धाचे नियम उत्तरार्धाला पुरत नाहीत असे सांगितले. एलियट जॅक्स यांनी १९६५ मध्ये मध्यवयातील संकटाला नाव दिले; डॅनियल लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये चाळिशीतील संक्रमणाचे वर्णन केले. लिझ ग्रीन यांच्या १९७६ च्या पुस्तकाने शनीला शत्रूऐवजी शिक्षक ठरविले. बेचाळिसाव्या वर्षीच्या उलथापालथीचे श्रेय आता युरेनसला दिले जाते. हा ग्रह १७८१ मध्ये हर्शेल यांना सापडला. सुबाजींच्या सिद्धान्तांत त्याचा मागमूस नाही. तरीही माणसे बेचाळीस वर्षांची होतच होती आणि अस्वस्थही होत होती.

पवित्र शास्त्रालाही वयाची जाणीव आहे. गणनेच्या चौथ्या अध्यायात दर्शनमंडपाच्या सेवेसाठी तीस ते पन्नास ही वयोमर्यादा आहे. सेवेस आरंभ करताना प्रभू येशू सुमारे तीस वर्षांचा होता, असे संत लूक नोंदवितो. तारा पाहून आलेल्या मागी लोकांना कोणी हाकलले नाही; मात्र बाळाच्या दर्शनानंतर ते दुसऱ्या वाटेने गेले. आपल्या मराठी मंडळीतील रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी झाला. पंचावन्नाव्या वर्षी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. घटना घडून गेल्यावर तिला अनुरूप ग्रह कोणीही शोधून देईल. टिळकांच्या बाबतीत मोलाची गोष्ट ही की दोन्ही वेळी त्यांना हाक आली आणि त्यांनी उत्तर दिले. साडेसातीत मनुष्य काळ सरण्याची वाट पाहतो. पाचारणात त्याला काही करावे लागते.

म्हणून आमच्या बंधूंना आमची विनंती अशी की, साडेसातीचा प्रश्न आला म्हणजे खंडन करावे, पण आधी ऐकावे. प्रश्नकर्त्याचे काय हरवले, कोणाशी समेट राहिला, कोणते शोक अजून अश्रूंवाचून पडले आहेत, हे विचारावे. शनीचे नाव बहुधा त्या गोष्टींवर घातलेले पांघरूण असते.

टी. टी. नगरातील त्या गृहस्थांकडे आम्ही पंधरवड्याने पुन्हा गेलो. या वेळी ग्रहांचा विषय काढला नाही. वडिलांविषयी विचारले. ते दीड तास बोलत होते. मध्येच मुलगा चहा घेऊन आला आणि तेथेच बसून राहिला.