रज्मनाम्याचे दोन वाचक

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यांत टेंभुर्णी हें गांव आहे. श्रीधराचे 'पांडवप्रताप' व 'रामविजय' मराठी मुलुखांत गांवोगांव वाचले गेले. त्यामुळें महाभारताची कथा या भागांतील माणसास नवी नाहीं. परंतु ज्या जालन्याच्या टापूंत हें गांव येतें, त्या जालन्याचा महाभारताशीं आणखी एका वाटेनें संबंध पोंचतो. अकबराचा मंत्री व चरित्रकार अबुल फझल दक्षिणेंत असतां जालन्यास राहिला होता, अशी गॅझेटियरांत नोंद आहे. दक्षिणेंतून आग्र्याकडे परत जात असतां इ. स. १६०२ च्या ऑगस्टांत शाहजादा सलीम याच्या चिथावणीवरून वीरसिंह बुंदेल्यानें त्याचा वध केला. हा पुरुष महाभारताच्या फारसी भाषांतराचा प्रस्तावनाकार होता. परधर्मीयानें हिंदूंचें महाकाव्य वाचावें तें कसें, या प्रश्नाचा विचार त्या निमित्तानें येथें करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाभारताचें फारसी भाषांतर अबुल फझलनें केलें, असें कित्येकदां बोललें जातें. तें बरोबर नाहीं. अकबरानें इ. स. १५८२ मध्यें या कामाची आज्ञा दिली. मुख्य भार नकीबखानावर होता. मुल्ला शेरी, सुलतान हाजी ठाणेसरी व अब्दुल कादिर बदायूनी हे त्याचे सहकारी होते. देव मिश्र, शतावधान, मधुसूदन मिश्र, चतुर्भुज आदिकरून पंडित मूळ संस्कृताचा अर्थ हिंदींत सांगत व हे लोक तो फारसींत उतरवीत. इ. स. १५८४ मध्यें काम पुरें झालें व ग्रंथास 'रज्मनामा', म्हणजे युद्धाचा ग्रंथ, असें नांव पडलें. अबुल फझलची प्रस्तावना त्यानंतर, इ. स. १५८७ मधील आहे. त्याचा बंधु फैजी यानें दोन पर्वांस अलंकृत रूप दिलें, त्यापुढें तो गेला नाहीं.

पंडितांनीं कोणता पाठ पुढें ठेविला, हेंहि पाहण्यासारखें आहे. रज्मनाम्याचें अश्वमेधपर्व व्यासाच्या ग्रंथास धरून नाहीं. तें जैमिनीच्या अश्वमेधास धरून आहे. ज्या जैमिनी अश्वमेधास श्रीधरानें पुढें ओवीरूप दिलें, तोच हा. तेव्हां बादशाही भाषांतरकारांच्या हातीं केवळ पोथींतलें महाभारत आलें नव्हतें. लोकांच्या ऐकण्याबोलण्यांत जें महाभारत जिवंत होतें, त्याचाहि कांहीं भाग आला होता.

आतां दोन वाचक समोरासमोर ठेवूं. अबुल फझल हा पहिला. हिंदु व मुसलमान यांच्यांतील वैराचें मूळ परस्परांच्या अज्ञानांत आहे, एकमेकांचे ग्रंथ वाचले म्हणजे हट्ट ढिला होईल, हा त्याच्या प्रस्तावनेचा आशय आहे. सृष्टि अवघी सात हजार वर्षांची मानणारांस महाभारतांतील प्रचंड कालगणना विचार करावयास लावील, असें तो म्हणतो. तसेंच आपल्या आचार्यांवर न तपासतां विश्वास ठेवणाऱ्या हिंदूंसहि तो दोष देतो. दृष्टि उदार आहे, यांत संशय नाहीं. पण ग्रंथ हें येथें साधन आहे, आणि साध्य बादशाहाच्या राज्यनीतीचें आहे, हेंहि विसरतां कामा नये.

दुसरा वाचक बदायूनी. हा कडवा सुन्नी विद्वान्. महाभारताची दोन पर्वें तीन-चार महिन्यांत त्यास करावीं लागलीं. पुढें रामायणाचें काम त्याजकडे आलें, तें त्यानें चार वर्षांनीं, इ. स. १५८९ मध्यें पुरें केलें. या कामाचा त्यास मनापासून तिटकारा होता, आणि तो त्यानें आपल्या 'मुन्तखब-उत्-तवारीख' या ग्रंथांत उघड लिहून ठेविला. हा ग्रंथ अकबराच्या हयातींत त्यानें गुप्त ठेविला होता. रामायणास प्रस्तावना लिहिण्याचेंहि त्यानें टाळलें.

त्याच ग्रंथांत एक प्रसंग आहे. प्रत्येक कर्माचें फळ भोगावें लागतें, अशा आशयाचें वाक्य त्याच्या भाषांतरांत बादशाहानें ऐकलें व मृत्यूनंतरच्या न्यायाची इस्लामी कल्पना यानें हिंदूंच्या ग्रंथांत घुसडली, असा संशय घेतला. बदायूनीनें उत्तर दिलें तें असें, कीं आपण मुळांत होतें तेंच लिहिलें; मरणानंतर पापपुण्याचा हिशेब होतो व नंतर पुनर्जन्म येतो, असें हिंदूहि मानतात.

या उत्तराचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. ज्यास तो ग्रंथ निषिद्ध वाटत होता, त्यानेंच आपल्या बचावासाठीं मूळ ग्रंथास साक्षीस बोलाविलें. हिंदूंची समजूत बादशाहास समजावून सांगण्याचें काम येथें कडव्या मुसलमानावर आलें, आणि तें त्यानें नीट केलें. कोणी म्हणतील, हें सक्तीचें वाचन. त्यास वाचन कसें म्हणावें? ही हकीकत त्याच्याच लेखणीची आहे, हाहि आक्षेप घेतां येईल. पण सक्तीनें हात लिहितो. अर्थ नीट समजून घेणें सक्तीनें होत नाहीं. आणि आपल्या निष्ठेचा टेंभा मिरविणाऱ्या ग्रंथांत परक्या ग्रंथाशीं राखलेलें इमान नोंदविण्यांत त्याचा लाभ कांहींच नव्हता.

यावरून आमचें मत असें झालें आहे, कीं परधर्माचा ग्रंथ वाचण्यास स्वधर्म सैल करावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. अबुल फझलसारखी सहानुभूति असेल तर उत्तमच; पण ती नसतांहि वाचकानें मुळाशीं प्रामाणिक राहावें, एवढी अट पुरी झाली म्हणजे वाचन खरें होतें.

दक्षिणेंत याचीं आणखी दोन उदाहरणें आहेत. अब्दुर्रहीम खानखानान यानें इ. स. १५९७ मध्यें गोदावरीकांठीं आष्टी-सोनपेठच्या बाजूस सुहेलखानाचा पराभव केला. त्याच सुमारास, इ. स. १५९७ ते १६०५ या काळांत, त्याच्यासाठीं फारसी रामायणाची सचित्र प्रत तयार होत होती. ती आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयांत आहे. बादशाहाची आज्ञा म्हणून वाचणें निराळें, आपल्या संग्रहासाठीं प्रत करवून घेणें निराळें. आणि सतराव्या शतकांत हुसेन अंबरखानानें महाभारतांतर्गत गीतेवर 'अंबरहुसेनी' ही टीका रचली, ती तर थेट मराठींत. श्रीधराचे श्रोते जी भाषा बोलत, त्याच भाषेंत एका मुसलमानानें गीतेचा अर्थ सांगितला.

जालन्याच्या इतिहासांत अबुल फझलचें नांव येतें तें मोगली मोहिमेच्या संदर्भांत. त्या नांवापुढें रज्मनाम्याच्या प्रस्तावनेचाहि उल्लेख असावा, आणि प्रस्तावनाकाराशेजारीं त्या नाखूष भाषांतरकाराचेंहि नांव असावें, अशी आमची सूचना आहे. टेंभुर्णीसारख्या गांवीं पोथी वाचणारास हे दोघे परके वाटतील; पण जी कथा तो वाचतो, तीच त्यांनींहि वाचली होती, एकानें आशेनें व दुसऱ्यानें कपाळास आंठी घालून. इतिहासानें दोघांचीहि नोंद ठेविली पाहिजे.