कँडी ते एल्ला : खिडकीतून दिसणारं आणि न दिसणारं

श्रीलंकेला जाऊन आलो असं कुणाला सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘रावणाचं काय काय पाहिलंत?’ आणि दुसरा, ‘ती निळी ट्रेन केलीत का?’ रावणाचं पुढे कधीतरी बोलू. आजचा भाग त्या ट्रेनचा.

कँडीहून गाडी पकडायची आणि सहा-सात तासांनी एल्लाला उतरायचं. सकाळी कोलंबोहून निघणारी ‘पोडी मेनिके’ कँडीमार्गे येते, ती सोयीची. तिकीट आधी काढा, कारण आरक्षित जागा लवकर संपतात. आणि एसी डब्याच्या नादी लागू नका, त्याच्या खिडक्या बंद असतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाच्या उघड्या खिडकीत जी मजा आहे ती काचेआडून नाही. वाटेत फेरीवाले चढतात आणि ‘वडे, वडे’ असं ओरडतात. मी दचकून आपलं कुणी आहे का म्हणून बघितलं! सिंहलीतही शब्द ‘वडे’च आहे. फक्त तिथल्या एका प्रकारात वड्यावर अख्खी कोळंबी बसवलेली असते. कागदाच्या पुडीत मिळतात, गरम असले तर नक्की खा.

आता इतिहास. या रेल्वेची गोष्ट आपल्या बोरघाटापासून सुरू होते म्हटलं तर चालेल. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली रेल्वे धावली. ती बांधणाऱ्या कंत्राटदारांपैकी एक होता विल्यम फॅव्हिएल. पुढे खंडाळ्याच्या घाटाचं कंत्राटही त्यालाच मिळालं. पण १८५९ च्या सुरुवातीला मजुरीच्या पैशांवरून कामगारांचा उद्रेक झाला आणि फॅव्हिएल त्या कामातून बाहेर पडला. बोरघाट पुढे दुसऱ्यांनी पुरा केला. आणि फॅव्हिएल? तो गेला सिलोनला. कोलंबो ते कँडी रेल्वेचं कंत्राट त्याने घेतलं आणि १८६७ मध्ये गाडी कँडीला पोचली. कडुगन्नावाचा घाट चढताना एका बाजूला दरी उघडते तेव्हा खंडाळा आठवतो. रुळांची रुंदीसुद्धा आपलीच आहे, साडेपाच फूट.

पण घाट फोडून कँडीपर्यंत रेल्वे न्यायची एवढी घाई कशासाठी होती? चहासाठी नव्हे, कॉफीसाठी. १८१५ मध्ये इंग्रजांनी कँडीचं राज्य घेतलं आणि पुढच्या काही दशकांत डोंगरावरची जंगलं तोडून कॉफी लावली. ती बंदरात पोचवायला बैलगाड्या पुरेनात, म्हणून रेल्वे आली. आणि गाडी कँडीला पोचून दोनच वर्षं होतात तोच, १८६९ मध्ये, कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला. त्या बुरशीचं शास्त्रीय नाव हेमिलिया व्हॅस्टाट्रिक्स. मळेवाल्यांनी तिचं टोपणनाव ठेवलं ‘डिव्हास्टेटिंग एमिली’, म्हणजे सत्यानाशी एमिली. पुढच्या वीसेक वर्षांत कॉफी जवळजवळ संपली.

चहा तोवर येऊन बसला होता. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलकंदुरा मळ्यात १८६७ मध्येच १९ एकरांवर चहा लावला होता. कँडीजवळ हंताना इथे चहाचं संग्रहालय आहे, एका जुन्या चहाच्या कारखान्यातच. तिथे टेलरच्या वस्तू बघायला मिळतात. त्याची कबर कँडीतल्या महैयावाच्या दफनभूमीत आहे. मग १८९० मध्ये थॉमस लिप्टन आला, मळे विकत घेतले आणि सिलोनचा चहा इंग्लंडातल्या घराघरांत नेला. रेल्वेही चहाच्या मागे मागे चढत राहिली. १८८५ ला नानू ओया, १८९४ ला बंदारवेला आणि शेवटी १९२४ ला बदुल्ला.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला कुठलाही गाइड सांगेल. टेलर, लिप्टन, रेल्वे. पण हे मळे लावले कुणी? पानं खुडली कुणी?

कँडीच्या भागातल्या सिंहली शेतकऱ्याकडे स्वतःची शेती होती. तो मळ्यात मजुरीला यायला राजी नव्हता. मग माणसं आणली मद्रास इलाख्यातून. तिथे दुष्काळ, कर्ज आणि भूमिहीनता, तिन्ही होतं. १८७६ ते ७८ चा जो दुष्काळ आपल्याकडे सोलापूर-नगरने भोगला, तोच तिकडेही होता.

ही माणसं कशी आणली, ते मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गावात एक ‘कंगाणी’ यायचा. कंगाणी म्हणजे मुकादम. तो घरातल्या नडीला पैसे द्यायचा, म्हणजे आपल्या भाषेत उचल. ती उचल फेडायला अख्खं कुटुंब त्याच्या मागे निघायचं. बीडचा ऊसतोड कामगार हे ऐकून म्हणेल, अहो, ही तर आमचीच गोष्ट. फरक एवढाच, की इकडचा कामगार हंगाम संपला की निदान गावी परततो. तिकडे परतणं बहुतेकांच्या नशिबी नव्हतं. मळा बदलायचा तरी ‘तुंडू’ लागायचा. तुंडू म्हणजे चिठ्ठी. या माणसाचं एवढं कर्ज भरलं की तो तुमच्याकडे येईल, असं त्यावर लिहिलेलं असे. माणूस कर्जासकट एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जायचा.

सुरुवातीच्या काळात बोटीने मन्नारच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि तिथून जंगलातून पायी मातळेपर्यंत. रस्ता कोरडा, पाणी नाही, तापाची आणि पटकीची साथ. वाटेत किती जण मेले याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. कँडीपासून मातळे फार लांब नाही. तिथलं मुत्तुमारिअम्मन देवीचं रंगीबेरंगी गोपुर बघायला प्रवासी जातात, तुम्हीही जा. जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की त्या पायवाटेवरून जिवंत पोचलेल्यांचं हे गाव होतं.

गाडी हॅटन सोडते तसा दोन्ही बाजूंना चहा लागतो. श्रीपादच्या शिखरावर जाणारे हॅटनलाच उतरतात. फोटो काढून झाले की मळ्यांच्या मधे जरा निरखून बघा. पत्र्याच्या छपराची एक लांबच लांब बैठी इमारत दिसेल, ओळीने दारं असलेली. तिला ‘लाइन’ म्हणतात. एका दाराआड दहा बाय बाराची खोली आणि त्यात एक कुटुंब. इंग्रजांच्या काळातल्या कित्येक लाइन्समध्ये आजही माणसं राहतात. गंपोळजवळ अशाच जुन्या लाइन-खोल्यांमध्ये चहा कामगारांचं एक छोटं संग्रहालय केलेलं आहे. हंतानाचं संग्रहालय पाहिलंत तर तेही पाहा. एकात चहाची यंत्रं आहेत, दुसऱ्यात चहा खुडणाऱ्यांची भांडीकुंडी. दोन्ही पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. ४ फेब्रुवारी १९४८ ला सिलोन स्वतंत्र झालं. त्याच वर्षी नव्या संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला. नागरिक व्हायचं तर तुमच्या आधीच्या पिढ्याही इथेच जन्मल्याचा पुरावा द्या. मळ्यात जन्मलेल्या माणसाच्या आज्याचा दाखला कुठून आणणार? लाखो लोक एका कायद्याने कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. पुढच्या वर्षी मतदानाचा हक्कही गेला. आणि देशाची निर्यात मात्र त्यांनीच खुडलेल्या पानांवर चालू होती.

ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. हिशेब होता ९ लाख ७५ हजार माणसांचा. ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. ते ‘नंतर’ १९७४ मध्ये आलं आणि इंदिरा गांधी व सिरिमाओंनी ती दीड लाख माणसं निम्मी निम्मी वाटून घेतली. शेतजमिनीची वाटणी करतानासुद्धा चारचौघांना विचारतात हो. इथे दोन देशांनी आकडे ठरवले आणि माणसांनी त्यात बसायचं होतं. एकाच घरातले काही जण भारतीय ठरले, काही सिलोनी.

त्या करारानंतर दोन महिन्यांच्या आतच, डिसेंबरात, चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केलं. मद्रासहून रेल्वेने धनुष्कोडी, तिथून बोटीने तलैमन्नार आणि पुन्हा रेल्वेने कोलंबो, असा तो ‘बोट मेल’चा जुना रस्ता होता. तो तुटला. मळ्यांतून निघालेली माणसं पुढे रामेश्वरमच्या बोटीने भारतात उतरली. त्यांच्यासाठी तामिळनाडू सरकारने १९६८ पासून निलगिरीत चहाचे मळे उभे केले. म्हणजे आपण उटी-कुन्नूरच्या सहलीत जो चहा विकत घेतो, त्यातला काही या परत आलेल्यांनी खुडलेला आहे. श्रीलंकेत यांना ‘इंडियन’ म्हणायचे आणि इकडे ‘सिलोनवाले’. गावाचं नाव दोन्हीकडे परकंच.

जे तिथेच राहिले त्यांचं काय? नागरिकत्वाचा प्रश्न पुरता सुटायला २००३ साल उजाडलं. मजुरीचं भांडण मात्र अजून सुरू आहे. वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर २०२१ मध्ये दिवसाला हजार श्रीलंकन रुपये ठरले. तेही ठरलेलं वजन खुडलं तर, आणि ते साधारण १८ किलोच्या आसपास असतं. कोवळी दोन पानं आणि एक कळी, असं करत १८ किलो! एकदा हातात घेऊन बघा ती पानं किती हलकी असतात.

आणि आता हे लोक स्वतःला ‘इंडियन तमिळ’ म्हणवून घेत नाहीत. ‘मलैयह’ म्हणतात. मलै म्हणजे डोंगर. डोंगरातले तमिळ, या देशातले. २०२३ मध्ये, पहिले पूर्वज आल्याला २०० वर्षं झाली म्हणून, त्यांच्यातले कित्येक जण तलैमन्नारहून मातळेपर्यंत पायी चालत गेले. जवळजवळ अडीचशे किलोमीटर, पूर्वजांचीच वाट. आपल्याकडे वारी चालतात त्यांना हे चालणं कशासाठी असतं ते समजेल.

पट्टीपोळ हे सगळ्यात उंच स्टेशन, १,८९१ मीटर. त्यापुढच्या बोगद्यात गाडी धुक्यातून शिरली आणि उन्हात बाहेर आली. मग हपुतळे. इथे उतरून लिप्टन सीटला जरूर जा, पण रिक्षा वरपर्यंत नेऊ नका. दंबतेन्नेच्या कारखान्यापासून चालत चढा. वाट मळ्यातून, लाइन-खोल्यांच्या समोरून, शाळेच्या शेजारून जाते. खुडणाऱ्या बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मी न विचारता कॅमेरा वर केला होता. एका आजींनी पाठ फिरवली आणि शांतपणे खुडत राहिल्या. मला लाज वाटली. मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि ‘वणक्कम’ म्हणालो. त्या वळल्या, हसल्या आणि बोटाने वरची वाट दाखवली. लिप्टन जिथे बसून आपले मळे बघायचा ती जागा वर आहे. तिथून देखावा अफाट दिसतो, खोटं कशाला बोलू? पण मला त्या दिवसातलं आठवतं ते आजींचं बोट.

एल्लाला पोचलात की नऊ कमानींचा पूल आहेच. दगड, विटा आणि सिमेंटचा, ९१ मीटर लांब. गाडी येण्याच्या आधी अर्धा तास जाऊन बसा. सगळे जण पुलाचे आणि गाडीचे फोटो काढतील, तुम्हीही काढा. फक्त पुलाच्या दोन्ही अंगांना चहाची जी हिरवी उतरण आहे, तिच्याकडेही एकदा बघा. ती निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी लावलेली आहे. आणि त्या माणसांची नातवंडं-पतवंडं अजून तिथेच आहेत.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कुणी या गाडीने गेला असाल, तर काय पाहिलंत ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात, आणि तेव्हा रावणाचं बोलू. नमस्कार!