जाळी नसलेल्या गाडीची जाळी

मोटारीच्या मुखभागी असणाऱ्या जाळीकडे अलंकार म्हणून पाहण्याची सवय आपल्या डोळ्यांना इतकी जडली आहे की, तिचा जन्म केवळ गरजेतून झाला, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. इंधनाच्या ज्वलनातून उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचा मोठा अंश गाडीला गती देण्याच्या कामी येतच नाही. तो इंजिनाच्या अंगाशी साचतो, पाण्याकरवी वाहून न्यावा लागतो, आणि त्या पाण्याला निवविण्यासाठी समोरून येणाऱ्या वाऱ्यास वाट करून द्यावी लागते. व्यापारी एमिल येलिनेक यांच्या मागणीवरून डाइमलरच्या कारखान्यात सिद्ध झालेल्या आणि १९०१ च्या मार्चमध्ये नीस येथील शर्यतींत गाजलेल्या पस्तीस अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी ८,०७० बारीक चौकोनी नळ्या एकत्र जोडून जो रेडिएटर घडविला, त्याच्याच दर्शनी रूपापासून मोटारीच्या चेहऱ्याचा इतिहास सुरू होतो असे म्हणावयास हरकत नाही.

प्रारंभी हा रेडिएटर गाडीच्या अग्रभागी उघडाच उभा असे आणि त्याचा आकार हीच त्या त्या घराण्याची मुद्रा ठरे. १९३० नंतरच्या दशकात मात्र तो हळूहळू पत्र्याआड गेला, आणि त्याच्यापुढे उरली ती निराळी घडवून बसविलेली जाळी. माझ्या मते पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज या विलगीकरणात आहे. कारण जी वस्तू रेडिएटरपासून सुटी झाली ती मालकाच्या मर्जीनुसार बदलता येऊ लागली, आणि जेथे बदल शक्य झाला तेथे तो करून देणारा कारागीर व त्यासाठी माल पुरविणारा दुकानदार यांचा उदय क्रमप्राप्तच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील कारागीर डिसोटो गाडीची दातेरी जाळी काढून ती मर्क्युरीच्या मुखी बसवू लागले, आणि परक्या गाडीचा चेहरा आपल्या गाडीला देण्याच्या या उद्योगाला एका कलेची प्रतिष्ठा लाभली.

या परंपरेबाहेर दीर्घकाळ राहिलेली एक गाडी म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन. डच व्यापारी बेन पॉन यांनी २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या टाचणवहीत एक पेटीसारखी आकृती काढली, चालकाला अगदी पुढे व इंजिनाला अगदी मागे बसविले, आणि त्या रेखाटनातून १९५० च्या मार्चमध्ये वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात जी गाडी बाहेर पडू लागली, तिचे पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन वाऱ्यानेच थंड होत असल्यामुळे तिला पाणी नव्हते, रेडिएटर नव्हता आणि म्हणून जाळीही नव्हती. पहिल्या नमुन्याचे तोंड सपाट होते. ब्राउनश्वाइग येथील तंत्रविद्यापीठाच्या वातबोगद्यात परीक्षा झाल्यावर ते गोलसर करण्यात आले, आणि वाऱ्याचा रोध दर्शविणारा अंक ०.७५ वरून ०.४४ पर्यंत उतरला. दोन दिवे, मधोमध मोठे बोधचिन्ह आणि त्याच्या दोहों अंगांनी उतरणारी एक वळी, एवढ्याच सामग्रीवर उभा असलेला तो चेहरा मला आजही मोटारींच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक चेहऱ्यांपैकी एक वाटतो. ज्याची गरज नाही ते त्यावर काहीच नाही.

या व्हॅनच्या इंजिनाशी आपल्या महाराष्ट्राचाही दूरचा संबंध पोहोचतो. हांबुर्गच्या फिडाल कारखान्याने १९४९ मध्ये टेम्पो मटाडोर ही मालवाहू गाडी काढली, तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचेच इंजिन घालून त्याने पुढची चाके फिरविली होती. पुढे फोक्सवॅगनने इंजिने देणे बंद केल्यावर त्या कारखान्यास दुसऱ्या घराची इंजिने शोधावी लागली. त्याच टेम्पोच्या तीनचाकीचे उत्पादन बजाज टेम्पो या संस्थेने १९५८ मध्ये आपल्याकडे सुरू केले, आणि आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली मटाडोर पुढे आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर परिचित झाली.

फोक्सवॅगनच्या व्हॅनला १९६७ च्या दुसऱ्या रूपात काचेखाली एक आडवी झडप मिळाली, परंतु ती उतारूंना हवा मिळावी म्हणून. इंजिनाशी तिचे काही देणेघेणे नव्हते. याच सुमारास अमेरिकेत फोक्सवॅगनच्या छोट्या बीटल मोटारीला रोल्स-रॉइसच्या धर्तीचे मुखवटे विकत मिळू लागले होते. ज्या गाडीचे इंजिन पाठीमागे आहे आणि ज्यास पाणी ठाऊक नाही, तिच्या मुखी उभी सोंगाची जाळी पाहून मला खेद होतो, कारण वारा आत घेणे हे जाळीचे एकमेव नैसर्गिक कर्तव्यच तिच्याकडून हिरावून घेतलेले असते.

खरी कलाटणी आली ती १९७९ मध्ये निघालेल्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे टी-थ्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हॅनच्या कारकीर्दीत. आरंभी हिचेही पेट्रोल इंजिन वाऱ्याचेच होते; दिव्यांच्या मधली काळी जाळी केवळ आतील खोलीच्या हवेसाठी होती. परंतु आवाजाचे, धुराचे व इंधनखर्चाचे दंडक कडक होत गेले, १९८१ मध्ये डिझेल इंजिन आले आणि १९८२ च्या अखेरीस पेट्रोल इंजिनही पाण्याचे झाले. इंजिन मागेच राहिले, पण रेडिएटर पुढे आला. दोहोंमध्ये गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळ धावू लागले, आणि वरच्या जाळीखाली आणखी एक जाळी अवतरली. तीस वर्षांहून अधिक काळ बंद असलेले तोंड असे अखेर उघडले. ब्राझीलमध्ये कोंबी या नावाने जुन्या रूपातच चालू राहिलेल्या फोक्सवॅगन व्हॅनच्या वाट्यालाही १९८१ च्या डिझेल इंजिनाबरोबर आणि नंतर २००५ च्या अखेरीस आलेल्या १.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनाबरोबर हाच प्रसंग आला. तिच्या वाटोळ्या नाकावरील ती काळी जाळी २०१३ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत राहिली.

जर्मनीत टी-थ्रीचे मुख्य उत्पादन १९९० मध्ये थांबले. परंतु दक्षिण आफ्रिकेत, एटेनहाख येथील कारखान्यात, ती २००२ पर्यंत बनत राहिली. तेथील गाड्यांस ऑडीची पाच सिलिंडरांची इंजिने बसविण्यात आली, आणि मुखभागी दोहों बाजूंस दोन-दोन गोल दिवे असलेली नवी जाळी देण्यात आली. युरोप-अमेरिकेतील मालकांना हा चेहरा इतका भावला की, तेथून जाळ्या मागविणे, पुढे त्यांच्या नकला बनविणे आणि जुन्या गाडीवर त्या चढविणे हा एक स्वतंत्र व्यापार होऊन बसला.

हे काम दिसते त्याहून अधिक विवेकाचे आहे. जुनी वरची जाळी काढणे सोपे. वरच्या कडेच्या खुंट्या पेचकसाने पाव फेरा फिरविल्या की ती पुढे कलते आणि खालच्या खाचांतून वर उचलली जाते. खरा प्रश्न पुढेच आहे. या गाडीत दिव्यांची वीज थेट चालकाच्या बटणातून वाहते. दोहोंचे चार दिवे केले म्हणजे तो भार बटणावर न टाकता रिले बसवून वेगळ्या जाड तारांनी बॅटरीपासून आणावा लागतो, अन्यथा बटण तापून जळते. खालची जाळी बदलताना तर रूपापेक्षा वाऱ्याचा हिशेब आधी करावा; पट्ट्या फार दाट असल्या, किंवा रेडिएटरच्या कडेच्या फटी मोकळ्या राहिल्या, तर वारा पाण्याला न भेटता बगलेने निघून जातो आणि घाटात गाडी तापू लागते. चांगला कारागीर म्हणूनच आधी रेडिएटरची चौकट व तिच्या भोवतीचे पडदे नीट करतो आणि मग जाळीला हात लावतो.

शिवाय दक्षिण आफ्रिकेत वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात; त्यामुळे तेथील दिव्यांचा खाली वळविलेला झोत डाव्या कडेकडे उचललेला असतो. तो जर्मनीत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून तेथील मालकाला जाळी आफ्रिकेची घेऊन दिवे मात्र उजव्या वाहतुकीचे व युरोपीय मान्यतेची मोहोर असलेले निराळे आणावे लागतात. इंग्लंडमधील मालकाच्या बाबतीत झोताची ही अडचण मुळात उद्‌भवतच नाही.