माल्कम पेठेचे चिनी कुळ

महाबळेश्वरी हवा खावयास जाणारा गृहस्थ पॉइंट पाहावयास म्हणून जातो खरा, परंतु त्याचा जीव रमतो तो बाजारात. डॉ. साबणे रस्त्याने दोहों अंगांस दुकाने मांडून बसलेली ती एकच एक पेठ, भाजक्या चण्यांच्या राशी, मुरंब्या-जॅमच्या बरण्या, चामड्याच्या चपला, हातकाठ्या आणि वेताबांबूच्या जिनसा न्याहाळीत सायंकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनचारदा पायी पालथी घातल्यावाचून पुण्यामुंबईच्या कुटुंबास सहल पदरात पडल्यासारखी वाटत नाही. या पेठेच्या जनकत्वाचा मान मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यास मिळालेला आहे. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन खंडाळे गावाच्या मोबदल्यात ही जागा कंपनी सरकारकडे आली, आणि वसाहतीस माल्कम पेठ हे नाव पडले. एवढा इतिहास शाळकरी पोरासही पाठ असतो.

माझे कुतूहल चाळवले ते एका धबधब्यामुळे. गावापासून जवळच असलेल्या या धबधब्यास चायनामन धबधबा म्हणतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पंचगंगांचा उगम मानून जेथे भाविक शतकानुशतके तीर्थस्नान करीत आले, त्या सह्याद्रीच्या माथ्यावर चिनी मनुष्याने आपले नाव ठेवून जावे, हा प्रकार काय? उलगडा सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात होतो. १८३४ साली महाबळेश्वरी चिनी व मलायी बंदिवानांसाठी कैदखाना उघडण्यात आला व १८६४ साली तो मोडण्यात आला. मधल्या तीस वर्षांत या कैद्यांकडून रस्त्यांची कामे व बागाईत करवून घेण्यात आली. धबधब्यापाशी त्यांचे मळे होते, म्हणून त्यास ते नाव.

पिनांग, मलाक्का, सिंगापूर येथील अपराधी समुद्रापार आपल्या मुलखात आणावयाचे आणि आपल्याकडील अपराधी तिकडे काळ्या पाण्यावर धाडावयाचे, असा त्या काळच्या इंग्रजी राज्याचा शिरस्ता होता. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्या श्रमांवर उभे राहिले. तिकडे आपल्यांनी गिरजाघर बांधले, इकडे त्यांनी बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. या देवघेवीत कोणाची हजामत अधिक झाली, याचा निवाडा मी करीत नाही.

माझे प्रमेय असे की, पेठ वसविणे निराळे आणि पेठेस पायी हिंडणाऱ्याचे आकर्षण आणणे निराळे. माल्कमने जागा दिली, दुकाने मांडविली. परंतु घाट चढून आलेले धान्य व कापड यांवर चालणारा बाजार छावणीच्या बाजाराहून वेगळा नसतो. डोंगरावर पिकलेली भाजी आणि हातांनी विणलेली जिन्नस दुकानाच्या फळीवर आली, तेव्हाच या रस्त्यास स्वतःचा चेहरा आला, आणि तो चेहरा घडविणारे पहिले हात या बंदिवानांचे होते.

यावर पहिला आक्षेप स्ट्रॉबेरीचा. महाबळेश्वरची ओळख झालेले हे फळ इंग्रजांनी ऑस्ट्रेलियातून आणविले, असे मानण्याचा प्रघात आहे, आणि आज लावण्यात येणाऱ्या चँडलर, स्वीट चार्ली यांसारख्या जाती तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निपजलेल्या. मान्य! रोपाची वंशावळ मी चिनी म्हणत नाही. परंतु जेथे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य कोसळते, तेथे उतारावर वाफे कसे बांधावे, पाणी कसे काढून द्यावे आणि माती कशी धरून ठेवावी, हे साहेबाच्या बंगल्यातल्या माळ्यास कोणी शिकविले? बी जहाजातून येते, हातोटी माणसाबरोबर येते. आणि हातोटी असलेली माणसे त्या वेळी बेड्यांत होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टोपल्या विणणारा बुरूड आपल्याकडे पुरातन, मग त्याचे श्रेय परक्यास कशाला? येथे टोपली उलटी करून तळ पाहावा. बुरुडाच्या टोपलीत बांबूच्या चपट्या पट्ट्या आडव्याउभ्या एकमेकींत गुंफून तळ धरतात. वेताच्या टोपलीत गोल काड्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्यबिंदूतून फाकतात आणि बारीक वेत त्यांच्या खालीवर फिरत जातो. सूप, टोपली, कणगी हा बुरुडाचा वारसा निर्विवाद आहे. परंतु वेताच्या नाजूक विणीसाठी त्या चिनी कैद्यांची ख्याती होती, आणि नंतरच्या काळात या पेठेत वेताच्या खुर्च्या व करंड्या दिसू लागाव्यात, हा मी योगायोग समजत नाही. आपल्या बुरुडांनीही ती वीण पाहून उचलली असावी. कारागीर शेजाऱ्याच्या हाताकडे नेहमीच पाहत असतो.

कैदखाना मोडल्यावर मळे एकाएकी ओस पडले असतील, हे मला पटत नाही. सुटलेल्यांपैकी कोणी येथेच राहून भाजी विकली असेल, कोणाच्या हाताखालचा कुणबी पुढे स्वतः बागाईतदार झाला असेल, असाच माझा तर्क चालतो.

वाई, पाचगणी वा महाबळेश्वर येथील ज्या घराण्यांकडे १८६४ च्या आगेमागेचे भाजीपाल्याचे वा वेतकामाचे जमाखर्च, वह्या, चोपड्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकवार चाळून पाहाव्यात आणि एखादे चिनी नाव मोडीत लिहिलेले आढळल्यास अवश्य कळवावे.