पंचगंगेकाठचे पोलंड

परक्या मुलुखात राहावयास गेलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो चुलीचा. पाणी कोठे मिळते, दूध कोणाकडून घ्यावे, भाजीवाल्याशी भाव कोणत्या शब्दांत करावा, हे आधी सुटावे लागते. स्वत्वाचा आणि संस्कृतीचा विचार त्यामागून येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा प्रश्न दक्षिण महाराष्ट्रात सुमारे पाच हजार माणसांना एकाच वेळी पडला. त्यांनी तो कसा सोडविला, याची कथा मोठी उद्बोधक आहे.

सांगली आणि मिरज यांच्या मध्ये विश्रामबाग आहे. या परिसरास परदेशी माणूस अगदीच अपरिचित नव्हता. डॉ. विल्यम वॉन्लेस हे १८८९ साली या भागात आले, १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, आणि विश्रामबागेनजीकची वॉन्लेसवाडी आजही त्यांचे नाव मिरविते. परंतु वॉन्लेस हे स्वेच्छेने आले होते. त्यांच्यामागे मिशन होते आणि स्वदेशी परतण्याचा मार्गही मोकळा होता. मिरजेहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वळिवडे या स्थानकाशेजारी १९४३ साली जे लोक उतरले, त्यांची गोष्ट निराळी होती.

ते पोलंडच्या पूर्व भागातील लोक होते. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी तो देश वाटून घेतला. फेब्रुवारी १९४० पासून रशियाने लक्षावधी पोलिश नागरिकांना कुटुंबकबिल्यासह आगगाडीत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आदी दूरच्या प्रदेशांत धाडले. १९४१ साली जर्मनी रशियावर उलटल्यावर पोलंडशी करार झाला आणि त्यांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले. स्त्रिया, मुले व वृद्ध हे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आणि तेथून कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. काठेवाडात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आश्रय दिला. मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे वसली.

बर्फाच्या मुलुखातून आलेल्या या माणसांचे स्वागत येथे पावसाने केले. लांबच लांब बराकी, वर कौले, भिंतींस बांबूचे तट्टे, पुढे ओसरी, आणि प्रत्येक कुटुंबास थोडीशी जागा व स्वयंपाकघर, असा सारा थाट होता. सार्वजनिक भटारखाना न ठेवता प्रत्येक कुटुंबास भत्ता देण्यात आला आणि आपले अन्न आपण शिजविण्याची मोकळीक मिळाली. ही गोष्ट दिसण्यात लहान, परंतु परिणामाने फार मोठी होती. दोन-तीन वर्षे दुसऱ्याने वाढलेल्या घासावर जगलेल्या बाईच्या हाती पुन्हा शेगडी आली, आणि शेगडीबरोबर बाजारही आला. वसाहतीतील दुकानांत आपल्याकडील व्यापारी बसत. घेणाऱ्याला मराठी येत नसे आणि विकणाऱ्याला पोलिश येत नसे. तेव्हा बोटे मोजून, वस्तू दाखवून व्यवहार होई. हळूहळू दुकानदारांनी पोलिश शब्द उचलले, मुलांनी मराठी शब्द उचलले. ऊन, विंचू, हिवताप आणि पावसाळा यांच्याशीही असाच एकेक दिवसाने परिचय होत गेला.

पण या मंडळींनी जुळवून घेतले ते घराच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत सारे पोलंड होते. शाळा, रुग्णालय, प्रार्थनामंदिर, नाट्यगृह, वाचनालय, बालवीरांची पथके, सारे काही पोलिश भाषेत चाले. मुंबईतील पोलिश वकील बानाशिन्स्की व त्यांच्या पत्नी किरा यांनी या व्यवस्थेसाठी अपार खटपट केली. यात परक्यांविषयी तुच्छता नव्हती. आपण उद्या परत जाणार आहोत, आणि परतल्यावर आपली मुले आपल्याच देशात परकी ठरता कामा नयेत, ही त्यामागची भूमिका होती.

याच सुमारास याच टापूत दुसरा एक पोलिश माणूस अगदी उलट वाटेने चालला होता. वॉर्सा येथे जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन हे युद्धापूर्वीच हिंदुस्थानात आले आणि गांधीजींच्या विचाराने भारले गेले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली औंध संस्थानात प्रजेच्या हाती सत्ता सोपविली. त्या राज्यघटनेच्या कामात, तसेच आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाच्या कल्पनेत त्यांचा मोठा वाटा होता. ते भारतानंद झाले, येथेच राहिले आणि १९७६ साली मुंबईत निवर्तले. ते एकटे होते. स्वतःपुरता निर्णय करण्यास मोकळे होते. वळिवड्याच्या आईला तो मोकळेपणा नव्हता. तिच्या पाठीशी मुले होती आणि नवरा कोठल्या तरी रणांगणावर होता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पोलंडच्या पूर्वेकडील प्रांत रशियाकडे ठेवण्याचे मान्य केले. वळिवड्यातील बहुतेकांची गावे याच प्रांतांत होती. त्याच वर्षी जुलैत लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता ब्रिटनने काढून घेतली. ज्या घरी परतावयाचे म्हणून पाच वर्षे भाषा जपली, ते घर एका सहीने परदेशात गेले. परक्या गावी राहणे जमले, आता स्वतःचे गावच परके झाले! कित्येकांनी परत न जाण्याचे ठरविले. १९४८ साली वसाहत मोडली, तेव्हा पुष्कळजण इंग्लंडात गेले, काही आफ्रिकेत, काही ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत पांगले. काहीजण कोल्हापूरच्याच मातीत विसावले आहेत. त्यांच्या कबरी तेथे आहेत.

मग त्या जपलेल्या भाषेचे काय झाले? ती व्यर्थ गेली नाही. देश गमावलेल्या या मुलांना पुढे इंग्लंडात एकत्र बांधून ठेवले ते तिनेच. हिंदुस्थानात राहिलेल्या पोलिश मंडळींनी तेथे आपली संघटना स्थापन केली, आठवणींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि कोल्हापूरच्या महावीर उद्यानात कृतज्ञतेचा स्तंभ उभारला. ज्या भूमीला तात्पुरता मुक्काम मानले, तिलाच ते बालपणाचे घर म्हणू लागले.

वळिवड्याच्या बराकी फार दिवस ओस राहिल्या नाहीत. फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित त्यांत आले आणि त्या वस्तीचे गांधीनगर झाले. त्यांनाही परतीचा रस्ता नव्हता. परंतु त्यांनी ते आरंभीच ओळखले, दुकान मांडले, मराठी आत्मसात केली, आणि कापडाची मोठी पेठ वसविली. एकाच छपराखाली दोन जमाती राहून गेल्या: एक परतण्याच्या आशेवर जगली, दुसरी परतणे नाही हे जाणून जगली. दोघींनी आरंभ केला तो मात्र एकाच ठिकाणी: चुलीपाशी.